पानोपानी पारितोषिक

नऊ मिनिटांची शॉर्टफिल्म आणि पोस्टरवर महोत्सवांची सतरा पानं. म्हणजे साधारण दर बत्तीस सेकंदांना एक गौरव. त्यातली शेवटची दीड मिनिटं नामावलीत जातात. तिथं सोसायटीच्या वॉचमनपासून दिग्दर्शकाच्या मांजरापर्यंत सगळ्यांचे विशेष आभार असतात. ती वजा केली तर भाव आणखी चढतो. फिल्मचं नाव सांगत नाही. एक शब्द आणि पुढं तीन टिंबं, एवढ्यावरून ओळखा. गोष्टही तुम्हाला पाठ आहे. आजोबा दोन कप चहा करतात, समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात आणि आठव्या मिनिटाला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसतो. प्रेक्षकाला दुसरा कप भरतानाच सगळं कळलेलं असतं. दिग्दर्शकाला आठवं मिनिट लागतं.

पण आजचा विषय फिल्म नाही, पानं. डावीकडं एक फांदी, उजवीकडं एक फांदी आणि मधे मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. सतरा वेळा. आजोबांचा चेहरा त्या झाडीतून बिबट्यासारखा डोकावतो. दोन बोटांनी पोस्टर मोठं करून एकेक पान वाचलं. अकरा ‘अधिकृत निवड’, तीन ‘उपांत्य फेरी’, दोन ‘सन्माननीय उल्लेख’ आणि एक ‘सर्वोत्तम’. कशात सर्वोत्तम, ते अक्षर फांदीखाली गेलंय. उपांत्य फेरी हा काय प्रकार, यावर मी बराच विचार केला. आजोबा कुणाविरुद्ध खेळले? आणि तीनही ठिकाणी उपांत्य फेरीतच हरले असतील, तर ते मिरवायचं की लपवायचं?

हे पान लॉरेलचं. जुन्या ग्रीसमध्ये डेल्फीच्या खेळांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर त्याचा मुकुट चढवत; ऑलिंपियाला ऑलिव्हचा असे. त्यासाठी गडी ऊर फुटेस्तोवर धावायचा आणि ते बघायला गावोगावची माणसं लोटायची. आता धावावं लागत नाही आणि बघायला कुणी नसतं. आपलं तमालपत्र या लॉरेलच्याच कुळातलं, झाड तेवढं वेगळं. म्हणून मी पोस्टरवरच्या पानांना तमालपत्रच म्हणतो. मसालेभातात ते वासापुरतं एखाददुसरं घालतात आणि जेवणारा ते निमूट ताटाच्या कडेला काढतो. इथं भाताचा पत्ता नाही, सतरा तमालपत्रं वाढून यजमान विचारतोय, कसा झालाय?

ही पानं उगवतात कुठं, तेही ऐका. ही पानं वाटणाऱ्यांचा महोत्सव दर महिन्याला भरतो. नाव युरोपातल्या एखाद्या शहराचं असतं, पण त्या शहरात त्याच्या नावानं एक खुर्चीही मांडलेली नसते. अर्ज घरबसल्या करायचा, फी डॉलरमध्ये भरायची. लवकर भरली तर कमी, वेळेवर भरली तर जास्त, उशिरा भरली तर आणखी जास्त आणि मुदत संपल्यावर भरली तर ‘वाढीव मुदती’चा दर लागतो. म्हणजे मुदत कधीच संपत नाही, फक्त महाग होते. शिवाय विभागागणिक फी वेगळी. दिग्दर्शन वेगळं, पदार्पणातलं दिग्दर्शन वेगळं, मोबाइलवरची फिल्म वेगळी, सामाजिक आशय वेगळा. उत्कृष्ट पोस्टरचाही विभाग असतो. तो जिंकला की त्याचं पान त्याच पोस्टरवर चढतं, पानानं पोस्टर आणखी उत्कृष्ट होतं, म्हणून पुढच्या महिन्यात ते पुन्हा पाठवता येतं. या दराने वर्षभरात आजोबा पूर्ण झाकले जातील आणि मग ती फिल्म पर्यावरण विभागातही बसेल. निकाल ईमेलनं येतो. त्यात ‘अभिनंदन’ असतं आणि छापून घ्यायला प्रमाणपत्र असतं, छपाई आपली. चषक हवा असेल तर मिळतो, त्याचे पैसे वेगळे, टपालखर्च वेगळा. आपलं बक्षीस आपणच विकत घ्यायचं आणि ते आलं की दारात कुरिअरवाल्याकडून स्वीकारतानाचा फोटो काढायचा. खरे महोत्सवही असतात बरं का. ओळखायची खूण सोपी आहे: ते नकार देतात.

पान लागलं की माणसाला मत फुटतं. परवापरवापर्यंत थिएटरबाहेर येऊन ‘भारी होता पिक्चर’ म्हणणारा मुलगा आता ‘क्राफ्ट आहे, पण आत्मा नाही’ म्हणतो. दुसऱ्या अंकात सिनेमा बसतो, असंही म्हणतो. दिग्दर्शकाला अवकाशाची जाण नाही, असंही. हे सगळं त्यानं पाहिलेलं असतं फोनवर, दीडपट वेगानं, लोकलमध्ये, एका कानात इअरफोन घालून. मग अडीच तासांच्या सिनेमाला, ज्यात दोनशे माणसं राबली, हा पाचापैकी दीड तारा देतो. अर्धा तारा छायाचित्रणाचा, हेही बजावतो. स्वतःच्या फिल्मचं छायाचित्रण विचाराल, तर ती १६:९मध्ये चित्रित केली आणि घरी आल्यावर ‘सिनेमॅटिक’ दिसावी म्हणून वरखाली काळ्या पट्ट्या ठोकून तिची २.३९:१ केली. वरच्या पट्टीखाली आजोबांचं कपाळ गेलं, खालच्या पट्टीखाली चहाचे कप. आता आजोबा भुवयांपासून खाली आणि कथा कपांपासून वर उरली आहे. त्यावर म्हणणं असं, की मराठी प्रेक्षक अजून तयार नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण हे शूटिंग झालं आमच्या समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते म्हणून फ्रिज बंद केला. त्यात वावगं काही नाही, सगळीकडं करतात. आवाजाचा जाणता माणूस मात्र फ्रिज बंद करताना स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवतो. निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि मग तो सुरू करायची आठवण होते. इथं आवाजाचा माणूसच नव्हता. दिग्दर्शकाचा मावसभाऊ होता आणि कॅमेऱ्यावरच्या माइकला घातलेला त्याचा लोकरी मोजा होता. सगळे ‘थँक यू काकू’ म्हणून गेले, फ्रिज रात्रभर बंद राहिला. सकाळी दोन लिटर दूध नासलेलं आणि पाडव्याच्या श्रीखंडासाठी बांधलेला चक्का तोंडात घालवेना इतका आंबट. बरं, एवढं करून आवाज तरी? खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या तिन्ही शिट्ट्या सुस्पष्ट ऐकू येतात. आजोबांचं एक वाक्य कळेल तर शपथ. हे आजोबा म्हणजे हौशी रंगभूमीवर उभा जन्म घालवलेले गृहस्थ, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. त्यांना कुकरनं खाल्लं. ‘डबिंग करून घ्या, मी येतो’ असं ते स्वतः म्हणाले, तर उत्तर आलं, ‘काका, बजेट नाही.’ येण्याजाण्याच्या रिक्षाचे पैसे त्यांनीच भरले. दुपारी दोन वडापाव मिळाले, दुसरा ‘अजून हवाय का?’ असं विचारून. मानधनाचं नाव निघालं तेव्हा सांगितलं, एक्स्पोजर मिळेल. बहात्तराव्या वर्षी! गच्चीवरच्या दृश्यासाठी भर दुपारी टळटळीत उन्हात उभं केलं, तेवढं एक्स्पोजर मिळालं.

बजेट नाही म्हणजे नेमकं काय नाही? एका पानाला तीस डॉलर धरा, अडीच हजारांच्या वर गेले. सतरा पानांचे चाळीस हजार पार झाले. यातल्या चार पानांच्या पैशांत दिवसभरासाठी आवाजाचा माणूस माइकसकट आला असता. दोन पानांत आजोबा झालेल्या काकांचं मानधन निघालं असतं, एका पानात डबिंगची खोली. अर्ध्या पानात चक्का. पैसे होते, पण ते कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला न देता, फिल्म न बघणाऱ्या माणसाला दिले. आणि पुन्हा मुलाखतीत ‘आम्ही शून्य बजेटमध्ये केली’ हे छाती काढून सांगायचं! शून्य तुमचं नव्हतं, काकूंचं आणि काकांचं होतं. कमी पैशांत फिल्म करणाऱ्या पोरांबद्दल मला आदर आहे. त्यातली काही आधी ज्याचं त्याला देतात, आवाज नीट घेतात, चार अनोळखी माणसांना फिल्म दाखवतात आणि शिव्या खातात. त्यांच्या पोस्टरवर माणसं दिसतात.

तेव्हा पुढचं पोस्टर पाठवाल, तेव्हा प्रत्येक पानाखाली तीन आकडे छापा. फी किती भरली, त्या गावात किती जणांनी फिल्म पाहिली आणि काकांच्या हातावर किती टेकवले. पहिल्याची पावती तुमच्याकडं असेलच. उरलेल्या दोन्हींना मिळून एकच शून्य चालेल, जागा वाचेल. आणि चक्का दीड किलोचा होता. रोख द्या, काकू प्रमाणपत्र घेत नाहीत.