शिडाला टेरिलीनच बरं

बोटीचं मोठं शीड बदलायचं ठरलं, की भागीदारांचे स्वभाव उघडे पडतात. आमची जुनी बोट चौघांत आहे. पावसाळा सोडला तर गेटवेसमोर नांगरून असते आणि फक्त रविवारी हलते.

आमच्या इंजिनिअरला कार्बनचे धागे घातलेलं लॅमिनेट हवं होतं. हलकं, आकार न सोडणारं, शर्यतीत जिंकून देणारं! घारापुरीची लाँचसुद्धा आम्हाला मागे टाकते, तेव्हा शर्यत नक्की कोणाशी ते त्यानं सांगितलं नाही. शिवाय लॅमिनेटचे थर सुटतात, दमट हवेत आत बुरशी धरते. दमट हवेची मुंबईत टंचाई नाही.

आमच्या सीएनं कोणाचं तरी उतरवलेलं शीड स्वस्तात हेरलं. शिडाचं नेहमीचं कापड, डेक्रॉन, नवं असताना चुरगाळलं की आतल्या रेझिनमुळं कडकड वाजतं. हे हूं की चूं करीना. असलं कापड ताणलं जातं आणि शिडाला पोट सुटतं. पोट सुटलेलं शीड बोटीला पुढं नेण्यापेक्षा आडवं जास्त पाडतं आणि मग पोट सुटलेल्या आम्हा चौघांना वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून तिला सावरावं लागतं.

शेवटी नवं डेक्रॉनच ठरलं. डेक्रॉन म्हणजे दुसरं काही नाही, पॉलिएस्टर. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलं, तिथं त्याचं टेरिलीन झालं, अमेरिकेत डेक्रॉन. वडिलांचा लग्नातला टेरिलीनचा शर्ट अजून फाटायचं नाव घेत नाही, हे मी सभेत पुराव्यादाखल मांडलं.

आडव्या पट्ट्यांचं साधं कटिंग घेतलं. त्यात कापड कमी वाया जातं, म्हणून ते स्वस्त. वाचलेले पैसे कोपऱ्यांवरच्या जाड ठिगळांत, नागमोडी शिवणीत आणि वारा वाढला की शीड आखडायच्या दोन रीफमध्ये घातले.

शीड वादळात फाटतं, हा किनाऱ्यावरच्यांचा समज. त्याला खातं ते ऊन, आणि उन्हात आधी मरतो शिवणीचा दोरा. जुन्या शिडाच्या शिवणीवर मी नख ओढलं, तर टाके खसखसा तुटत गेले; कापड मात्र शाबूत. म्हणून बूमच्या आडव्या दांड्यावर गुंडाळलेल्या शिडाला घालायची जाड खोळ मी हट्टानं मंजूर करून घेतली.

सीएनं बिल दोनदा वाचलं. "म्हणजे खोळीत असेपर्यंत शीड खराब होत नाही?"

"जवळजवळ नाहीच."

"मग रविवारी तरी कशाला काढायचं?"


इंजिनिअर माझ्याकडं बघायला लागला.