बिघडला, की बिघडलेला ठरवला?

लॅपटॉप सुरू करायचा, चहा टाकायचा, पिऊन कप विसळायचा, तरी पडद्यावरचं चाक फिरतंच आहे. घरातला निकाल तयार असतो: ‘गेलाय हा. नवीनच घेऊ.’

काय गेलंय? तपासलं कुणी?

पाच-सात वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5400 फेरे मारणारी हार्ड डिस्क असते. आजचं विंडोज आणि आजचा ब्राउझर तिला झेपत नाहीत. टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क 100 टक्के दिसली, तर धाप डिस्कला लागली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप चटकन उठतो. खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा.

दुकानदार हे आपणहून का सांगेल?

त्याच्याकडे सेल आहे. दसऱ्याचा संपला की दिवाळीचा, मग वर्षअखेरीचा, मग प्रजासत्ताक दिनाचा. ‘शेवटचे दोन दिवस’ वर्षभर चालतात. घाई त्याला आहे, तुम्हाला कशाला?

मायक्रोसॉफ्टलाही घाई आहेच. 2015 साली आलेल्या विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. म्हणजे 2016 चा, व्यवस्थित चालणारा लॅपटॉप एका यादीने म्हातारा केला. चीड येते ती याची.

कारण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेलेला भाग त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. दिल्लीतल्या सीलमपूरमध्ये असला माल हातांनी फोडून लोक पोट भरतात. आपलं ‘अपग्रेड’ कुणाच्या तरी फुप्फुसात जातं.

मग जुन्यालाच कवटाळून बसायचं?

मुळीच नाही. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या मशीनवर नेटबँकिंग करणारा माणूस पैसे वाचवत नसतो. विंडोज 10 च्या घरगुती ग्राहकांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली, ती घ्यायला हवी. नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे. फक्त तुमचं टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालेल का, हे आधी विचारा. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल, तर बॅटरी बदलेपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका. तिथे काटकसर आग लावते.

‘थांबलं की स्वस्त होतं’ हा भरवसाही गेला. एआयची डेटा सेंटरं मेमरी चिप ओढून घेताहेत. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजाराचे जुने भाव विसरा. मदरबोर्ड गेला असेल किंवा रोजचं काम खरंच अडत असेल, तर पुढच्या वर्षीच्या प्रोसेसरची वाट बघत बसू नका. पुढच्या वर्षीही त्याच्या पुढच्या वर्षीचा येणारच असतो.

घेताना रॅम 16 जीबी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते; आज 8 वर भागवलं, तर उद्या वाढवता येत नाही. आणि तो ‘एआय पीसी’चा स्टिकर? प्रबंध टाइप करणाऱ्या मुलीला त्याचा नेमका उपयोग काय, विचारा दुकानदाराला. उत्तर पूर्ण ऐका.

मग रॅमचं विचारा.

जुना एक्सचेंजमध्ये देणार असाल, तर त्यात आधार आहे, पॅन आहे, गृहकर्जाचे कागद आहेत, बारशापासूनचे फोटो आहेत. नुसत्या फॉरमॅटने हार्ड डिस्क कोरी होत नाही. हवं ते उतरवून घ्या, स्क्रू काढा, डिस्क घरी ठेवा. डिस्कशिवाय घेत नाही म्हणाला, तर देऊ नका.