आमच्या उजनीपुढं

आम्हा इंदापूरकरांना समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात जावं लागतं. पाण्याची हौस आम्ही उजनीवर भागवतो. १९८० साली धरण पुरं झालं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, आणि तेव्हापासून आमच्या काकांचं माप एकच : उजनी.

नेपाळयात्रेलाही ते माप बरोबर होतं. बसच्या डिकीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि बारामतीचा आचारी. म्हणजे चटणी डिकीत. आचारी पुढच्या सीटवर. सोनौलीला सीमा ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं. काकांनी केलं नाही. त्यामुळे आमची बस रोज १५ मिनिटं उशिरा सुटली.

तराई लागली तसं कुणी तरी सांगितलं, सत्तावनच्या बंडानंतर नानासाहेब पेशवे इकडंच आले. बारामतीच्या आजी लगेच सावरून बसल्या. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाइकांकडं दिलेली, म्हणजे हे गावच्या सोयऱ्यांचंच आजोळ वगैरे काही तरी. नातं कुणालाच नीट लावता आलं नाही, पण वाईट सगळ्यांना वाटलं.

पोखऱ्याला फेवा ताल, मागं बर्फाचा माच्छापुच्छ्रे. काका म्हणाले, "आपल्या उजनीपुढं हे शेततळंच की."

मुक्तिनाथला मात्र ते गप्प झाले. उंची ३,७०० मीटरच्या वर. दम लागलेला, त्यात आचाऱ्याची डाळ शिजेना. वाटेवरच्या टपरीत शाळिग्राम मांडले होते. काकूंनी एक फुटका हातात घेतला. आमच्या देवघरात पणजोबांपासून शाळिग्राम आहे, पण गुळगुळीत, अख्खा. हा आतून उघडा होता : काळ्या दगडात चकलीसारखं वेटोळं, चकलीसारखेच काटे. टपरीवाला म्हणाला, हा समुद्रातला जीव. गाइडनं भर घातली : सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, माखलीच्या गोतातला. तेव्हा इथं समुद्र होता. पुढं भारताची भूमी येऊन आशियाला भिडली आणि तळ वर उचलला गेला. आपला दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटींचा, म्हणजे या दगडापुढं पोरसवदाच.

"म्हणजे पणजोबांपासून आपण शिंपल्याला आंघोळ घालतोय?" काका.

"मग? विष्णू क्षीरसागरात नाही तर काय कॅनॉलवर राहणार?" काकूंनी दगड जपून जागेवर ठेवला आणि हात जोडले. टपरीवाल्याला वाटलं, भाव पटला नाही.

डिसेंबरात काका मला उजनीकाठी भिगवणला घेऊन गेले. नावाड्यानं दूरवरच्या पक्ष्यांकडं बोट दाखवलं : पट्टकादंब. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, म्हणाला.

काकांनी बराच वेळ पाहिलं. "वर डाळ शिजत नाही," ते म्हणाले. "हे खातात काय?"