पिक्सेलराव

भाचीच्या बारशाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर 'अभिनंदन' नाही, 'येतो' नाही. उत्तर आलं, "दादा, गणपती दोन पिक्सेल डावीकडे गेलाय."

हा आमचा मावसभाऊ, पिक्सेलराव. तुमच्याही घराण्यात एखादा असणारच. पाठीला सॅक लावून हिंजवडीला जातो, आणि नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागवलं जातं, त्यामुळे अख्खी भावकी त्याला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावते. एकदा थोरल्या काकांनी खोलात जाऊन विचारलंच. तो म्हणाला, "फ्रंट-एंड डेव्हलपर. अ‍ॅपमध्ये तुम्हाला जे दिसतं, दाबता येतं, ते मी करतो."

"म्हणजे बटणं?"

"हो, बटणंच म्हणा."

काका हळहळले. "चार वर्षं इंजिनिअरिंग करून? बटणं काय, शिंपीही लावतो."

कोथरूडला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली आणि हा तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे टक लावून बसला. तिथे तिच्या आजोबांची तसबीर होती. मुलीच्या वडिलांना वाटलं, काय संस्कार आहेत! तेवढ्यात हा उठला, तसबिरीचा उजवा कोपरा बोटानं वर सरकवला, मागे येऊन एक डोळा मिटला आणि म्हणाला, "आता बरोबर. दोन पिक्सेल होतं." भिंतीला पिक्सेल नसतात, हे तिथे त्याला कोण सांगणार? नकार आम्ही घरी पोचायच्या आत आला होता.

त्याचा धंदाही त्याच्यासारखाच तिरपागडा. ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली; तिला वळण लावण्यात याची दहा वर्षं गेली. जेक्वेरी हातात बसली तर अँग्युलर आलं, ते जमतंय तोवर रिअ‍ॅक्ट. उरलेल्या वेळात तो महागडे खटखटणारे कीबोर्ड जमवतो आणि वेबसाइटसाठी नावं विकत घेऊन ठेवतो. त्याची स्वतःची वेबसाइट मात्र चार नोकऱ्या झाल्या तरी 'लवकरच येत आहे' एवढंच सांगते. ती अक्षरं बरोब्बर मधोमध आहेत.

खरं तर त्याला जे. जे.ला जायचं होतं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार हाच लिहायचा, मंडळाच्या पाट्या हाच रंगवायचा. बारावीला मार्क चांगले पडले, तिथेच घात झाला. अजूनही त्याच्या टेबलावर र. कृ. जोशींचा फोटो असतो. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा, हे तो पानवाल्यालाही ऐकवतो.

ऑफिसात सगळे आराखडे इंग्रजीत होतात, ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं. तिथे मराठी मजकूर भरला की वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात. हा मीटिंगमध्ये कळवळतो. मॅनेजर म्हणतो, "युजरला कळतं रे." मग हा रात्री बसून ओळी सैल करतो. पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण कोडमध्ये करून ठेवतो. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्या खुणेमुळे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटतात. हे अजून तरी कुणाच्या लक्षात आल्याचं ऐकिवात नाही. दोन पिक्सेलसाठी माणूस एवढा का जीव टाकतो, हा माझ्या वैतागाचा विषय होता.

मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या सुमारास त्याच्या कंपनीत औषधांच्या अ‍ॅपचं नवं डिझाइन आलं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. दिसायला फार उच्चभ्रू, वाचायला अशक्य. साध्या मजकुराचा रंग मागच्या रंगापासून किमान ४.५ ला १ या प्रमाणात उठून दिसावा, असा वेबचा मान्य निकष आहे. त्या निकषासाठी हा डिझायनरशी, मॅनेजरशी, मॅनेजरच्याही वरच्याशी भांडला. शेवटी अक्षरं गडद झाली. एका दुपारी मावशीनं कुणालाही न विचारता मोबाइलवरून डोळ्यांचे थेंब मागवले आणि म्हणाली, "हल्लीचे मोबाइल बाई चांगले निघालेत." हा शेजारीच बसला होता. मला वाटलं, आता हा तासभर पिळणार. तो नुसता "हो आई" म्हणाला.

त्या दिवशी, अगदी नाइलाजानं, मला तो आवडला.

पुढच्या वर्षी नवे साहेब आले. त्यांना 'फ्रेश लूक' हवा होता, म्हणून सगळं पुन्हा फिकट करडं झालं. मावशी आता औषधं त्यालाच आणायला सांगते, आणि तो ऑफिसातून येताना आणतो.

तर मंडळी, मुलगा तिशी ओलांडलेला आहे, निर्व्यसनी आहे, पगार बरा आहे. स्थळ असेल तर जरूर कळवा. फक्त आम्ही यायच्या आधी घरातल्या तसबिरी सरळ करून ठेवा.