दशांशातले काका

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, पण ही बातमी कोथरूड, चिंचवड, नाशिक, सांगली इथल्या काही घरांपर्यंत अजून पोचलेली नाही. अशा प्रत्येक घरात एक काका असतात. वय साठीच्या पुढे, बँकेतून किंवा एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी विभागातून निवृत्त, खिशाला दोन पेनं आणि पार्किंगमध्ये 1997 ची पांढरी, कार्बोरेटरवाली 800. नव्या गाडीचे पेढे घेऊन तुम्ही त्यांच्याकडे गेलात की पेढा तोंडात टाकायच्या आत ते विचारतात, ‘किती देते?’ तुम्ही म्हणता, ‘पंधरा-सोळा देत असेल.’ काकांचा चेहरा पडतो. आकडा कमी आहे म्हणून नाही. तुम्ही ‘देत असेल’ म्हणालात म्हणून.

लोक काकांना चिकट म्हणतात. हा अन्याय आहे. भाच्याच्या लग्नात त्यांनी हात आखडला नाही, आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी त्यांनी जेवढा पैसा घातलाय तेवढ्यात ते काकूंना घेऊन दोनदा काश्मीरला जाऊन आले असते. पैसे वाचवायचे असते तर ते पीएमपीच्या बसने फिरले असते. काकांना पेट्रोल वाचवायचं नाही, आकडा वाढवायचाय. पेट्रोल हे त्यातलं कच्चं साहित्य.

आकडा काढण्याची पद्धत टाकी टू टाकी. पंप ठरलेला, पंपावरची नळी ठरलेली, गाडी उभी करायची फरशीसुद्धा ठरलेली, कारण पलीकडच्या फरशीला उतार आहे आणि उतारावर टाकी पाव लिटर खोटं बोलते. नळी ‘टक’ करून थांबली की पंपावरचा पोरगा ती काढायला जातो. काका त्याला हाताने थांबवतात, गाडीच्या मागे जातात आणि गाडी गदागदा हलवतात. टाकीत अडकलेली हवा बुडबुड करत वर येते, आणखी शंभर-सव्वाशे मिली मावतं. मागे रिक्षांची रांग भोंगे वाजवत असते. काका वहीत किलोमीटर लिहितात. 16 जून 2017 पासून पेट्रोलचे दर रोज सकाळी 6 वाजता बदलू लागले तेव्हा सगळा देश वैतागला. काकांच्या वहीत फक्त एक रकाना वाढला.

सुरुवातीची वर्षं काका शुद्ध शास्त्रावर होते, हे मान्य केलं पाहिजे. टपावरचं कॅरियर काढून टाकलं, ते बरोबरच होतं. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि रिकामं कॅरियर वर्षभर हवा अडवण्यापलीकडे काही करत नाही. एअर फिल्टर साफ, प्लगची गॅप फीलर गेजने मोजलेली, ब्रेक चाकाला घासत नाहीत ना ते जॅक लावून बघितलेलं. ताशी 45 ते 55 च्या दरम्यान गाडी चालवा असं पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं सांगत आलीय. तिचं ऐकणारा देशातला एक नागरिक मला माहीत आहे. तो बंगळूर हायवेवर पुढे असला की मागच्या सगळ्यांचं पेट्रोल वाचतं.

एवढ्यावर 18 चे 20 झाले. इथे शहाणा माणूस थांबतो.

काकांनी मग टायरमध्ये कंपनीने सांगितलेल्यापेक्षा आठ पौंड हवा जास्त भरली. टणक टायर हलका पळतो हे खरं, पण त्याची रस्त्यावरची पकड कमी होते, तो मधोमध झिजतो, आणि बारा इंची चाकांच्या गाडीत प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो. काकूंच्या पाठीचा एक्स-रे झाला. काकांनी त्याचा खर्च वहीत धरला नाही, कारण वही गाडीची आहे.

त्यानंतर वजन. मूळ गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे तिच्यात काढण्यासारखं फारसं काही देवानेच ठेवलेलं नाही. तरी काकांनी काढलं. स्टेपनी गेली, टूलकिट गेलं, मागचं सीट गेलं, पायाखालची मॅटिंग गेली, डॅशबोर्डवरचा गणपती काकूंनी जाऊ दिला नाही. मग हवा. पुढच्या जाळीला आतून पुठ्ठा लावला, म्हणजे हवा इंजिनात घुसून अडखळणार नाही. गाडीचं पोट खालून ओबडधोबड असतं, तिथेही वारा अडतो. त्यावर उपाय म्हणून एक जाड फ्लेक्स पोटाखाली ताणून बांधला. फ्लेक्स प्रभागातल्या एका भावी आमदारांच्या वाढदिवसाचा होता. छापील बाजू खाली. सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढली तेव्हा खाली उभ्या असलेल्या मेकॅनिकने वर पाहिलं, तर दोन्ही हात जोडून नेते त्याच्याकडे बघत होते. कात्रज ते स्वारगेट रस्त्यावरचे सगळे खड्डे इतक्या जवळून पाहिलेले ते एकमेव नेते असावेत.

खरं प्रेम मात्र कार्बोरेटरवर. 2000 च्या सुमारास 800 मध्ये एमपीएफआय आलं, कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देऊ लागला, आणि काकांच्या मते मोटार उद्योगाचा ऱ्हास तिथे सुरू झाला. फिरवायला स्क्रूच राहिला नाही! त्यांच्या गाडीला तो आहे, आणि रविवारी सकाळी काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्यासमोर बसतात. पाव आटा आत, अर्धा आटा बाहेर. मुख्य जेट काढून एक नंबर बारीक घातला. पेट्रोल कमी, हवा जास्त. आकडा 21.6 वर गेला आणि पिकअप संपला. इंजिन तापायला लागलं, चढावर किटकिटायला लागलं. मेकॅनिकने प्लग काढून दाखवले. तपकिरी असायला हवेत ते पांढरेफटक. ‘काका, व्हॉल्व्ह जळतील.’ काका म्हणाले, ‘जळू देत, पण अ‍ॅव्हरेज बघ.’ हे वाक्य त्या गॅरेजमध्ये अजून सांगितलं जातं.

शास्त्र संपलं की उपासना सुरू होते. डांबराच्या गोळ्या टाकीत टाकणं हा आपल्याकडचा जुना विधी. त्या पेट्रोलमध्ये विरघळतात आणि पुढे त्यांचेच खडे नको तिथे धरतात. काकांची गाडी महिनाभर काकूंच्या कपाटासारखी वास मारत होती. मग पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक आले, ‘रेणू सरळ रांगेत येतात’ या आश्वासनासह. मग लोणच्याच्या बरणीत पाणी, त्यात दोन पट्ट्या, बॅटरीच्या वायरी, आणि निघणारा हायड्रोजन इंजिनात. ती वीज अल्टरनेटर बनवतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवरच चालतं, हे मी काकांना सांगून पाहिलं. ‘थिअरी,’ काका म्हणाले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली शंभरावर साधनं तपासली, त्यातल्या फार थोड्यांचा काही उपयोग दिसला, हेही सांगितलं. ‘त्यांचं पेट्रोल वेगळं.’ चुंबक बसवल्यावर काकांचा आकडा मात्र खरोखर वाढला. चुंबक बसवलेल्या माणसाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती अलगद पडतो, ते बाजूला बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आकड्यांच्या बाबतीत ते फक्त एकाच प्रतिस्पर्ध्याला मोजतात. पुण्यात वेताळ टेकडीवर 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय आहे, जाहिरातीत मायलेजच्या आकड्याजवळ बारीक अक्षरात जिचं नाव असतं ती. तिथे गाडी खोलीत रोलरवर चालते, एसी बंद, खड्डे नाहीत, रिक्षा नाहीत, पाहुणे नाहीत. काका टेकडीकडे बघून म्हणतात, ‘त्यांनी काकूंना बसवून काढावा हा आकडा.’

घाटाचं लिहायला जरा भीती वाटते. कात्रजच्या जुन्या बोगद्यापलीकडे उतार लागला की काका इंजिन बंद करतात. ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन बंद पडलं की दोन-चार दाबांत तो संपतो आणि मग ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी विचार करते. किल्ली चुकून पूर्ण फिरून बाहेर आली तर स्टिअरिंगही कुलूपबंद. काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणतात. तो उतार किती आवर्तनांचा आहे हे त्यांना पाठ आहे. हा एकच प्रयोग असा की त्यावर मला विनोद सुचत नाही, आणि तो काकांनी बंद करावा.

दर पाच वर्षांनी पासिंग येतं. पर्यावरण कर भरायचा, पीयूसी काढायची. गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितल्यापासून काका जास्तच कायदा पाळतात. आदल्या रात्री सीट आणि स्टेपनी परत गाडीत, पुठ्ठा, बरणी आणि भावी आमदार माळ्यावर. दुसऱ्या संध्याकाळी सगळे आपापल्या जागी.

एवढं करून 22.7 पर्यंत आणलेला आकडा परवा घसरला तो उसामुळे. उसापासून बनणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलं की हिशेबाने सहा-सात टक्के घट. काकांचा मेहुणा सांगली जिल्ह्यात ऊस लावतो. दिवाळीत काकांनी वही त्याच्यापुढे आपटली. ‘तुमच्या उसाने माझे दीड किलोमीटर खाल्ले!’

मेहुण्याने फराळाच्या ताटातून मान वर केली नाही. ‘दाजी, तेवढं चालत जावा की.’

शेवटी मुलाने परस्पर गाडी विकायची जाहिरात टाकली. रविवारी एक तरुण आला, नुकताच शिकलेला, हात बसवायला जुनी गाडी हवी होती. काकूंनी चहा केला. त्याने रीतसर विचारलं, ‘किती देते, काका?’

‘मला 22.7 द्यायची. हल्ली 21.3.’

‘अरे वा!’

‘तुम्हाला तेरा देईल.’

पोराने हसून घेतलं. मग खाली जाऊन गाडी पाहून आला. बॉनेट उघडलं, पुठ्ठा पाहिला, बरणी पाहिली, वाकून नेत्यांनाही पाहिलं, आणि तरी वर येऊन पुन्हा बसला. मुलगा आशेने त्याच्याकडे बघत होता.

‘बाकी सगळं ठीक आहे,’ तो म्हणाला, ‘फक्त मागचं सीट कुठे दिसलं नाही.’

‘उठा जरा,’ काका म्हणाले, आणि त्याच्याखालची चादर काढायला लागले.