दुकानातला पोपट

दसऱ्याला टीव्हीच्या दुकानात शिरलात की भिंतभर एकच पोपट. त्याचं पीस न् पीस तिथेच बघून घ्या, घरी तो येत नाही. सेट ‘व्हिव्हिड’वर, उजेड कमाल, निळा रंग चढवलेला, ट्यूबलाइटच्या झगझगाटात तेच उठून दिसतं. ‘साहेब, फोर-के! ३८४० गुणिले २१६० ठिपके!’ घरच्या साध्या एसडी चॅनेलला ओळी जेमतेम ५७६. उरलेलं टीव्ही अंदाजपंचे भरतो. (आपल्याकडे याला अपस्केलिंग म्हणून पैसे घेतात.) त्यात ‘मोशन स्मूदिंग’ चालू राहिलं, की सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमाही सासू-सुनेच्या मालिकेसारखा गुळगुळीत! काळा रंग खरंच काळा आहे का बघायचं, तर दुकानातले दिवे घालवायला सांगा. विक्रेता लगेच एक्स्चेंज ऑफरवर येतो.