टपरीपर्यंतचे पहिलवान

साक्रीत सुरत-धुळे रस्त्याच्या कडेनं भल्या पहाटे पांढरे बूट, कानटोपी आणि पावलं मोजणारं घड्याळ जाताना दिसलं, की ते आप्पा समजावेत. आप्पा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, ती जमात आहे. टपरी दिसेपर्यंत त्यांची चाल झपाझप. पुढे "चाल रे भो, च्या पिऊत" म्हणून बैठक जमते आणि परतताना कुणाची तरी मोटारसायकल मिळतेच. व्यायामाआधी कॅफीन घ्यावं असं शास्त्र सांगतं, हा त्यांचा बचाव. शास्त्र सांगतं खरं, पण ते आप्पांविषयी बोलत नाही.

कॅफीन ताकद देत नाही, थकव्याची वर्दी अडवतं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचून सुस्ती येते. कॅफीन त्याची जागा बळकावतं, म्हणून श्रम कमी जाणवतात. व्यायामात हा फायदा दिसतो तो साधारण तासभर आधी, वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम घेतल्यावर. आप्पा ८० किलोचे धरले, तर किमान २४० मिलिग्रॅम हवं. टपरीच्या कपात ३० धरले तरी आठ कप झाले, आणि कपाला दोन चमचे या हिशेबानं सोळा चमचे साखर! आप्पा दोन कपांवर थांबतात, आणि त्या चहाचा अंमल पुरता चढतो तेव्हा ते घरी पेपर वाचत असतात.

आप्पा म्हणतील, खेळाडूंवर कॅफीनचं बंधन होतं, म्हणजे त्यात दम असणारच. बंधन २००४ साली उठलं, पण दम आहेच. भरतीसाठी १६०० मीटर जीव तोडून पळणाऱ्या पोराला तो कामी येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: टपरी नसती तर आप्पा अंथरुणातून उठले असते का? नसते. म्हणून चहा सोडा असं कुणी म्हणू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, तेवढी पाळली म्हणजे झालं. संध्याकाळचा कप मात्र सोडावा. त्यातलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असतं, झोप उडवतं आणि सकाळच्या चहाची गरज वाढवतं.

थकवा लपवायचा तर आधी तो यायला हवा. तेव्हा आप्पा, चहा घ्या, साखर निम्मी करा. टपरी मात्र दोन किलोमीटर पुढची धरा आणि परत पायी या.